दिगूकाका आणि हद्दीचा दगड

दिगूकाका गेल्याचं मला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. एप्रिलमधली सकाळ होती, मी जर्सी सिटीला ट्रेनची वाट बघत उभी होते. ग्रुपवर आधी पाडव्याच्या कार्यक्रमाचे फोटो होते, मग हॉलच्या पार्किंगबद्दल कुणाची तरी तक्रार, मग हा मेसेज, आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. त्या रांगेतल्या कितीतरी जणांना काकांचं पूर्ण नावही माहीत नसेल. मला ही बातमी त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वेळी कळली होती. ट्रेन आली, मी चढले, आणि ऑफिस येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली… मला वेगळा फोन का नाही आला? रडू फार नंतर आलं.

फोन करणार तरी कोण? शुभामावशी हॉस्पिटलमध्ये होती, त्यांची मुलगी मीरा मॉन्ट्रियलहून निघाली होती. आणि मी कोण? शुभामावशी माझ्या आईची कॉलेजातली मैत्रीण. दिगूकाका तिचे यजमान. नात्याच्या कुठल्याही फांदीवर मी बसत नाही. दहा दिवसांनी वेस्ट विंडसरला घरी प्रार्थनासभा झाली, तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं. खूप जण बोलले. मी बोलले नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, शाळेतही येत नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

मी इथे शिकायला आले त्या पहिल्या थंडीत आईने मला मावशीच्या ताब्यात दिलं. शनिवारी ट्रेनने प्रिन्स्टन जंक्शनला उतरायचं, काका गाडी घेऊन आलेले असायचे. पहिले काही महिने आमचं संभाषण म्हणजे "बस", "पट्टा लाव" आणि "जेवलीस का?" एवढंच. मला ते फार आवडायचं. बाकी सगळे काका मला विचारायचे, पुढे काय, ग्रीन कार्डाचं काय, लग्नाचं काय. दिगूकाका काही विचारायचे नाहीत. त्यांनी सगळं आयुष्य इथल्या हायवेंवरचे पूल बांधण्यात घालवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद उरला होता. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या हद्दीवर जे जुने दगड आहेत, ते बघत फिरायचं. काही ग्रॅनाइटचे, काही बिडाचे ओतलेले, काही कुणाच्या शेतात, काही दाट जंगलात. मावशी म्हणायची, "लोक निवृत्त झाल्यावर क्रूझला जातात. आमच्याकडे दगड बघायला जातात. बरं, दगडही असा नाही की त्याला शेंदूर लावून चार पैसे मिळतील."

नादाचं मूळ कऱ्हाडजवळच्या त्यांच्या गावात होतं. त्यांचे वडील सरकारी मोजणीदार. बांधावरून दोन भावांची भांडणं झाली, कुणी नांगरता नांगरता दुसऱ्याचा बांध कोरला, की त्यांना बोलावणं यायचं. काका सांगायचे, "दोन्हीकडचे लोक कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे, आणि मध्ये माझा बाप ओळंबा धरून." तो ओळंबा त्यांनी येताना बरोबर आणला होता. पितळेचा, गाजराच्या आकाराचा, टोकाला झिजलेला, वरच्या भोकातून ओवलेली दोरी. वेस्ट विंडसरच्या घरात तो किचनच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा. भांडी विसळताना मी त्याच्याकडे बघत बसायचे. मला तो हवा होता. कुणाकडे मागितला नाही, पण हवा होता, हे आज स्पष्ट लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस का? व्हरमाँटला जायचंय. उत्तरेला, अगदी टोकाला." मी हो म्हणाले. गाडीच्या डिकीत त्यांचे हिरवे गमबूट होते, आणि शेजारी आणखी एक जोड, तसाच हिरवा, लहान. "चिखल असतो," ते म्हणाले. "घालून बघ." मी घातले. बरोबर बसले.

तो त्यांचा ठरलेला दगड होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुरणाच्या टोकाला, छातीपर्यंत उंच, वर निमुळता होत गेलेला ग्रॅनाइटचा खांब. दोन्ही बाजूंना जंगल होतं आणि त्या जंगलातून झाडं तोडून सरळ पट्टी काढलेली, जणू कुणी डोक्याचा भांग पाडावा. कुंपण नाही, तार नाही. पलीकडेही गवतच, तसंच. मी आपली दहा पावलं अलीकडेच थांबले.

"ये की पुढे."

"काका, मी व्हिसावर आहे."

"अगं, दगडापर्यंत अमेरिकाच आहे."

"चुकून पाय पडला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले नाहीत. चौकीतून न जाता पलीकडे पाऊल टाकायची परवानगी कुणालाच नसते. पण त्यांना पकडलं असतं तर समज देऊन सोडलं असतं, मला विमानात बसवलं असतं. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एक वाळकी फांदी उचलली आणि दगडाच्या अलीकडे गवतावर आडवी ठेवली. "ही तुझी हद्द. हिच्या आत राहा, कुणाचा बाप काही करू शकत नाही." त्यानंतर दर वर्षी ते आधी फांदी शोधायचे, मग दगडाला हात लावायचे.

काम असं होतं. थंडीत जमीन गोठते, फुगते, आणि वसंतात मोकळी होताना दगडाला थोडं हलवते. दगड यंदा किती कलला हे काका दर मे महिन्यात मोजायचे. सरकारची माणसं ते मोजतच असणार, त्यांना काकांची गरज नव्हती. पण ते मोजायचे. माथ्याशी दोरी धरायची, ओळंबा खाली सोडायचा, तो डोलायचा थांबेपर्यंत गप्प राहायचं, मग त्याचं टोक आणि दगडाचा पाया यांच्यातलं अंतर बघायचं. चारही बाजूंचं अंतर सारखं आलं तर दगड सरळ. दोरी ते धरायचे, खाली उकिडवं बसून मी आकडा वाचायचे. समोरची बाजू आणि डावी-उजवी, अशा तीनच बाजू आम्ही मोजायचो. चौथी कॅनडाकडे होती. हात पलीकडे गेला असता. मी एकदा म्हटलं, पटकन हात घालून मोजून टाका ना, कोण बघतंय? तर म्हणाले, "मोजणीदारानेच बांध कोरायचा?"

त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की ती अख्खी हद्द चुकलेली आहे. जुन्या मोजणीवाल्यांना ती एका अक्षांशावर आखायची होती, पण त्यांची मोजणी घसरली, आणि रेघ कुठे वर, कुठे खाली गेली. चूक लक्षात आली तोवर लोकांनी घरं बांधली होती, शेतं केली होती. मग दोन्ही देशांनी तह करून ठरवलं की जुनी रेघ राहू दे. "नकाशा काय म्हणतो ते बघायचं नाही," काका म्हणाले. "दगड कुठे रोवलाय ते बघायचं. हद्द तिथेच." थर्मासमधला चहा आम्ही त्याच गवतावर बसून प्यायलो. परतीच्या वाटेवर ते एकही शब्द बोलले नाहीत, मीही नाही. माझ्यासारख्या मुलीला असं कुणीतरी फार क्वचित भेटतं.

आता मीराबद्दल. मीरा त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, इथेच जन्मलेली. तिचं माझ्याशी कधीच वाकडं नव्हतं, आणि हीच अडचण होती. ती दारातून आत आली की घर बदलायचं. काका टीव्ही बंद करायचे. ती "बाबा" म्हणायची, ते "बॉबा" असं ऐकू यायचं, आणि दिवसभर शांत असलेला हा माणूस खुलायचा, तिच्या इंग्रजीला इंग्रजीत उत्तरं द्यायचा, जोक करायचा. माझ्याबरोबर ते कधी जोक करत नसत. दगडांचा विषय निघाला की ती म्हणायची, "बाबा अँड हिज रॉक्स!" आणि ते असे हसायचे, जणू ते कौतुकच असावं. मी पोळ्या लाटत असायचे. मावशी म्हणायची, "सायली किती गं करतेस." मीराला हे कुणी म्हणत नसे. मुलीला म्हणायची पद्धत नाही, पाहुण्यांना म्हणतात.

मीराने मॉन्ट्रियलच्या आंद्रेशी लग्न ठरवलं. उंच, लाजरा, फ्रेंच बोलणारा मुलगा. मावशीने पहिल्याच भेटीत त्याचा आनंदराव करून टाकला. आणि काकांच्या डोक्यात आलं की सीमांतपूजन खऱ्या सीमेवर करायचं. "वऱ्हाड आपल्या शिवेवर येतं, आपण जाऊन त्यांचं स्वागत करायचं, हीच ना पद्धत? मग हॉलच्या दारात कशाला? आपल्याला खरी शीव आहे."

"थंडी असते तिथे," मावशी म्हणाली. "आणि विहीणबाईंचे पाय धुवायचे त्या गारठ्यात?"

"थर्मासमध्ये गरम पाणी नेऊ."

असं ते ऑक्टोबरमधल्या एका सकाळी खरंच घडलं. पानं लाल झाली होती. पलीकडे आंद्रे आणि त्याचे आईवडील, कोट घालून, काय होणार आहे याची कल्पना नसलेले. अलीकडे आम्ही. मध्ये दगड. काकांनी सवयीने फांदी आणून माझ्यासमोर ठेवली, आणि मीराने विचारलं, "व्हॉट्स दॅट?" काका म्हणाले, "सायलीची." मीरा माझ्याकडे बघतच राहिली. त्या दिवसातला तेवढाच क्षण माझा होता. मी तबक धरून उभी होते. आंद्रेने दगडावरून कपाळ पुढे केलं, काकांनी अलीकडूनच कुंकू लावलं, मावशीने थर्मासमधलं पाणी विहीणबाईंच्या बुटांवरच ओतलं, कारण त्या मोजे काढायला तयार होईनात, आणि हातात नारळ दिला. मग काकांनी कोटाच्या खिशातून ओळंबा काढला.

मला आधी वाटलं, मोजणार आहेत. मी खाली बसायलाही लागले. पण त्यांनी तो दगडावरून आंद्रेच्या हातात ठेवला. "माझ्या वडिलांचा," ते इंग्रजीत म्हणाले. "इतकी वर्षं एक बाजू राहिली होती. ती आता तुझ्याकडे." आंद्रेने त्यांच्या सांगण्यावरून दोरी माथ्याशी धरली, ओळंबा पलीकडच्या अंगाला सोडला, आणि त्याचे वडील गुडघ्यांवर बसून आकडा वाचायला लागले, फ्रेंचमध्ये. काकांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मी दर मे महिन्यात उकिडवी बसून आकडे वाचले, पण मला कधी चौथी बाजू देता आली नसती. माझा पासपोर्टच तसा नव्हता.

तेवढ्यात सीमेवरच्या गस्तीची गाडी आली. तरुण अधिकारी उतरला, तबक बघितलं, कुंकू बघितलं. त्याने विचारलं, "पलीकडे काही दिलंत का?" मीरा घाईने "नो, नो" म्हणायला लागली, पण काका खोटं बोलणारे नव्हते.

"एक नारळ," ते म्हणाले. "एक पितळी वजन. आणि थोडं गरम पाणी."

"पाणी?"

"बुटांवर."

अधिकाऱ्याने विहीणबाईंच्या बुटांकडे बघितलं. शेवटी म्हणाला, पाण्याचं राहू द्या, पण नारळ आणि वजन परत घ्या आणि चौकीतून रीतसर सांगून न्या. नारळ तिथेच कुरणातल्या एका खडकावर फुटला. मावशीने त्याला खोबरं दिलं. तो ड्यूटीवर आहे म्हणून घेईना, तर तिने त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

ओळंबा माझ्या हातात आला, कारण बाकी सगळ्यांचे हात भरलेले होते. चौकीपर्यंतच्या रस्त्यावर तो माझ्या मांडीवर होता, गार पितळ हळूहळू माझ्या हातांनी कोमट झालं होतं. पुढे आंद्रेच्या घरी जेवण होतं. माझ्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता. हे आधीच ठरलेलं होतं, मीच म्हणाले होते, मी अलीकडच्या कॉफीच्या दुकानात थांबेन, माझं काम आहे लॅपटॉपवर. दुकानाशी मी उतरले. काकांनी गाडीची काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

"दे," ते म्हणाले.

मी दिला. गाडी चौकीकडे गेली. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसले होते. येताना काकांनी माझ्यासाठी डबा भरून आणला होता, गोड काहीतरी, मेपलचं. मी छान आहे म्हटलं.

काकांशी माझी शेवटची भेट मार्चमधली. हॉस्पिटलमधून घरी आले होते, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले, पांढरे दिसत होते. मी विचारलं, "मेमध्ये जायचं ना?" म्हणाले, "बर्फ वितळू दे." मग, "आंद्रे तिकडून येतो म्हणालाय. तू इकडून. चारही बाजू होतील." मी हो म्हणाले, पण मनात आलं, आंद्रे कशाला? आपण तीनच मोजू या की. हे बोलले नाही. बर्फ वितळायच्या आत ते गेले.

प्रार्थनासभेत आंद्रे बोलला. मोडक्या इंग्रजीत, डोळे पुसत त्याने सांगितलं की सासऱ्यांनी त्याला एक गोष्ट शिकवली, नकाशा बघू नकोस, दगड कुठे रोवलाय ते बघ. जमलेले सगळे हुंदके द्यायला लागले. ते वाक्य माझ्याशी बोललेलं होतं. गवतावर बसून, थर्मासच्या झाकणातून चहा पिताना, आधी माझ्याशी. नंतर त्याने मला फोनवर फोटो दाखवला, ओळंबा त्याने मॉन्ट्रियलच्या घरात खिडकीत टांगला आहे, ऊन पडलं की चमकतो म्हणे. झुंबर टांगावं तसा. मी छान दिसतोय म्हटलं.

मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा वेस्ट विंडसरला गेले. मावशीला गॅरेज आवरायचं होतं, मीराही आली होती. सकाळी पाऊस झाला होता, गॅरेजमध्ये पाणी शिरलं होतं. दारापाशी काकांचे गमबूट आणि शेजारी माझे, कपाटाला टेकून, ते ठेवायचे तसेच. मीरा खोकी उचलता उचलता म्हणाली, "यू नो, ही आस्क्ड मी फर्स्ट. एव्हरी इयर."

"कशाला?"

"दगड बघायला. दर मेमध्ये मला कॉल. आय ऑलवेज सेड नो. देन ही वुड से, ओके, मग मी सायलीला विचारतो." ती खोक्यावर बसली आणि रडायला लागली. "मी एकदा पण नाही गेले. लग्नाच्या वेळेला सोडून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं असेल मी सांत्वन करते आहे. मी खरं तर स्वतःला सावरत होते. म्हणजे शनिवारी मोकळी आहेस का, हा प्रत्येक फोन आधी दुसरीकडे गेला होता. मी त्या गाडीत दर वर्षी कुणाच्या तरी नकारावर बसले होते. आणि तेव्हा माझी नजर त्या लहान बुटांवर गेली. पहिल्या वेळी ते डिकीत तयारच होते. कुणासाठी आणलेले?

मीराने डोळे पुसले, म्हणाली, पाण्यात सॉक्स भिजतायत, आणि ते बूट ओढून घेतले. पाय घातला. अर्ध्यावर अडकला. तिने जोर लावला, भिंतीला धरून उभी राहिली, तरी जाईना. "ओ माय गॉड, कुणाचे आहेत हे? हू हॅज फीट लाइक धिस?"

"माझे," मी म्हणाले.

मावशी आतल्या दारात उभी होती. "तिचेच ते," ती मीराला म्हणाली. "हिला पहिल्यांदा नेलं त्या वर्षी तू नाही म्हणालीस ना, त्या दिवशी ही इथे आली होती. हिची चप्पल दारात होती. हे गृहस्थ आपले टेप घेऊन दारात बसले, चप्पल मोजली, आणि तसेच दुकानात गेले. मी म्हटलं, अहो, विचारा की तिला नंबर. तर म्हणाले, विचारलं तर नको म्हणेल, लाजाळू आहे."

मीराने बूट काढले आणि हसत माझ्यापुढे धरले. "घेऊन जा. दे आर युअर्स." तिचा पाय त्यात गेला नाही याचा मला आनंद झाला. असं लिहू नये, पण झाला.

मी बूट घेतले, पुसले. जर्सी सिटीच्या माझ्या खोलीत, कपाटाखाली, ते कसे दिसतील हे क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघितलं. तिथे ते नुसते गमबूट असते. मग मी ते परत काकांच्या बुटांशेजारी ठेवले, टाचा कपाटाकडे, जिथे होते तिथेच. मीरा म्हणाली, "नको का तुला?" मी मावशीकडे बघितलं आणि म्हटलं, "मावशी, इथेच राहू दे. हलवू नकोस."

"कोण हलवतंय?" मावशी म्हणाली, आणि पाणी काढायला झाडू आणायला गेली.